राजदूतांचं कपाट रद्दीत घालण्याआधी : ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

देवघेव विभागाच्या खिडकीशेजारी आपण लावलेली सूचना वाचली. वापरात नसलेल्या ग्रंथांचं निर्लेखन करून, म्हणजे ते नोंदवहीतून कमी करून, संदर्भ दालनाच्या जागी वातानुकूलित अभ्यासिका सुरू होणार, असा तिचा आशय. खाली विषय आणि प्रतींची संख्या. त्यात 'परराष्ट्र व्यवहार व राजनैतिक आठवणी' अशी एक ओळ आहे. एका ओळीत एक अख्खं कपाट मावलं.

ग्रंथालयाचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. बदनामी करायची असती तर निनावी पत्रक काढलं असतं. पण हे पत्र नुसतं आपल्या टेबलावर ठेवून थांबणारही नाही, कारण ग्रंथालय सभासदांचं आहे आणि सूचना लागेपर्यंत सभासदांना पत्ता नव्हता. सोलापूरकरांनी हे वाचावं, एवढीच इच्छा.

मी आपला आजीव सभासद. राहणार पूर्व भाग. आमच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, आणि मराठी वाचायला शिकलो ते आपल्या वाचन कक्षात. वडील यंत्रमागावर होते. रात्रपाळी सुटली की घरी जायच्या आधी तिथे येऊन पेपर वाचायचे, आणि मी सोबत असलो तर मला पहिलं पान मोठ्याने वाचायला लावायचे. ग्रंथपालांनी कधी 'हळू' म्हटलं नाही. आज मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आधुनिक इतिहास आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो. त्यामुळे अभ्यासिका किती गरजेची आहे हे मला कुणी पटवून द्यायला नको. खाली माग चालू, वर एका खोलीत सहा माणसं, अशा घरांतून येणारी मुलं माझ्याच वर्गात बसतात. अभ्यासिका हवी, आणि एसीसकट हवी. सोलापूरचा उन्हाळा आपल्यालाही माहीत आहे. माझं भांडण तिच्याशी नाही. तिच्यासाठी आपण जे कपाट निवडलंत आणि ज्या कसोटीवर निवडलंत, त्याच्याशी आहे.

पहिली तक्रार कसोटीबद्दलच. गेल्या पाच वर्षांत ज्या पुस्तकावर तारखेचा शिक्का पडला नाही ते 'वापरात नसलेलं', असं कार्यालयात सांगण्यात आलं. अहो, संदर्भ विभागातलं पुस्तक घरी नेऊच देत नाहीत! आपल्याच नियमावलीत तसं लिहिलंय. ते तिथेच बसून वाचायचं आणि टेबलावर ठेवून उठायचं. शिक्का पडणार कुठून? ही कसोटी लावली तर ज्ञानकोशसुद्धा रद्दीत जाईल. लोकांनी पुस्तक वाचलं की नाही हे बघायचं असेल तर कपाट उघडून पानांच्या कडा बघा. पेन्सिलीच्या खुणा बघा. त्या करू नयेत हे खरं, पण केल्या आहेत, आणि वेगवेगळ्या हातांनी केल्या आहेत.

दुसरी तक्रार जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण कपाटात काय आहे हे मंडळातल्या किती जणांनी पाहिलंय, मला शंका आहे.

खालून दुसऱ्या कप्प्यात एक जाड फाईल आहे, निळ्या कापडी बांधणीची. आपल्या एका जुन्या ग्रंथपालांनी वर्तमानपत्रांची कात्रणं खळ लावून तीत चिकटवली आहेत. विषय एकच : चीनमधले आपले राजदूत. सुरुवातीला हाताने आखलेला तक्ता आहे, चार रकान्यांचा : नाव, रुजू, परत, शेरा. मी मुलांना हा तक्ता दाखवतो. भारत-चीन संबंध शिकवायला मला याच्याहून चांगलं साधन अजून सापडलेलं नाही, आणि महागड्या क्लासच्या नोट्स मी बऱ्याच चाळल्या आहेत.

पहिलं नाव वाचून मुलं हमखास दचकतात : सर मुहम्मद झफरुल्ला खान, १९४२, चुंगकिंग, 'एजंट जनरल', म्हणजे राजदूत नव्हे, सरकारचा प्रतिनिधी. पुढे पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री झाले, तेच हे. तेव्हा राज्य इंग्रजांचं, आणि चुंगकिंग ही माओंचे विरोधक चँग कै शेक यांच्या राष्ट्रवादी सरकारची युद्धकाळातली राजधानी. त्याच वर्षी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस उत्तर चीनमध्ये माओंच्या कम्युनिस्ट फौजेची, आठव्या रूट आर्मीची, सेवा करता करता गेले. वय अवघं ३२. म्हणजे एकाच वर्षी भारताची दोन माणसं दोन वेगवेगळ्या चीनमध्ये होती. एक इंग्रज सरकारने नेमलेला, चँगच्या दरबारात. दुसरा १९३८ साली सुभाषबाबू अध्यक्ष असताना काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातला, माओंच्या मुलखात. पुढची सगळी गुंतागुंत इथूनच समजायला लागते. ग्रंथपालांनी कोटणीसांचं नाव तक्त्यात घातलेलं नाही, कारण ते राजदूत नव्हतेच. पण समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

मग के. पी. एस. मेनन. १९४४ साली हा माणूस दिल्लीहून चुंगकिंगला निघाला तो हिमालय, काराकोरम, पामीर असा, खुष्कीच्या वाटेने. स्वतंत्र भारताचे चीनमधले पहिले राजदूतही तेच. त्यांच्यानंतर १९४८ साली सरदार के. एम. पणिक्कर. ते गेले नानजिंगला, चँगच्या सरकारकडे. आणि ते तिथे असतानाच सरकार बदललं, माओंचे कम्युनिस्ट सत्तेवर आले. ३० डिसेंबर १९४९ ला आपण नव्या चीनला मान्यता दिली, १ एप्रिल १९५० पासून रीतसर संबंध सुरू झाले, आणि तेच पणिक्कर बीजिंगला माओंसमोर पुन्हा अधिकारपत्र घेऊन उभे राहिले. एक माणूस, एकाच देशात, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन सरकारांकडे. परीक्षेच्या गाइडमध्ये मात्र काय असतं? 'चीनमधील भारताचे पहिले राजदूत – पणिक्कर.' बस. मेनन गायब, नानजिंग गायब.

पणिक्करांवर तर मी दोन तास बोलू शकतो. २ ऑक्टोबर १९५० च्या मध्यरात्रीनंतर चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी त्यांना झोपेतून उठवून बोलावून घेतलं आणि सांगितलं, अमेरिकी फौजांनी कोरियात ३८ वा अक्षांश, म्हणजे उत्तर-दक्षिण कोरियामधली रेषा, ओलांडला तर चीन युद्धात उतरेल. पणिक्करांनी निरोप दिल्लीला कळवला, दिल्लीने पुढे पोचवला. वॉशिंग्टनने विश्वास ठेवला नाही, कारण निरोप्या त्यांना चीनधार्जिणा वाटत होता. त्याच महिन्यात चिनी फौजा यालू नदी ओलांडून कोरियात उतरल्या. इथवर वाचून मुलं पणिक्करांच्या बाजूची होतात. मग मी पुढचं कात्रण काढतो : ७ नोव्हेंबर १९५० चं सरदार पटेलांचं नेहरूंना पत्र. तिबेटात चिनी सैन्य घुसलंय आणि आपले राजदूत चीनच्या वागण्याला सबबी शोधत बसलेत, असं पटेलांनी त्यात सुनावलंय. वर्गात लगेच दोन तट पडतात. कोरियाबाबत बरोबर ठरलेला माणूस तिबेटबाबत चुकला का? की दिल्लीला जे ऐकायचं होतं तेच त्यानं कळवलं? अशा प्रश्नाला चार पर्याय नसतात. मुख्य परीक्षा आणि मुलाखत मात्र याच्यावरच उभी असते.

राघवन आले; २९ एप्रिल १९५४ ला पंचशीलाची तत्त्वं असलेल्या तिबेटविषयक करारावर आपल्या बाजूने सही त्यांची. मग आर. के. नेहरू. मग १९५८ ला जी. पार्थसारथी. दलाई लामा भारतात आले, सीमेवर लोंगजूची चकमक झाली, कोंगका खिंडीतली झाली, ते सगळं यांच्या काळात. १९६१ साली ते परतले.

आणि त्यांच्या खाली तक्त्यात तांबड्या शाईने एक आडवी ओळ मारलेली आहे : 'राजदूत नाही. प्रभारी.'

ही ओळ पंधरा वर्षं चालते. १९६१ ते १९७६. दोन प्रचंड शेजारी, मध्ये एवढी मोठी सीमा, आणि एकमेकांच्या राजधानीत राजदूताची खुर्ची रिकामी. दूतावास बंद पडला नाही हे नीट समजून घ्या. फक्त दर्जा उतरवला, काम खालच्या अधिकाऱ्याने चालवलं. १९६२ च्या युद्धात बीजिंगमध्ये आपले प्रभारी होते पी. के. बॅनर्जी. एकतर्फी युद्धबंदी जाहीर होण्याआधी चौ एन लाय यांनी रात्री बोलावून सांगितलं ते यांनाच. तिकडे आघाडीवर आपली माणसं मरत होती आणि इथे हा गृहस्थ त्याच सरकारच्या प्रधानमंत्र्यासमोर बसून टिपणं घेत होता. १९६७ ला तर कहर झाला. सांस्कृतिक क्रांतीचं वारं अंगात शिरलेल्या बीजिंगमध्ये आपल्या दोन तरुण अधिकाऱ्यांवर, कृष्णन रघुनाथ आणि पी. विजय यांच्यावर, हेरगिरीचा आरोप ठेवला. भर गर्दीत 'खटला' चालवला, देशाबाहेर काढलं आणि विमानतळावर जमावाने मारहाण केली. त्यातले रघुनाथ पुढे १९९७ मध्ये आपले परराष्ट्र सचिव झाले. मुलाखतीला निघालेल्या मुलाला ही गोष्ट ठाऊक असावी की नसावी?

मग १ मे १९७०. प्रभारी ब्रजेश मिश्र. तिआनानमेनच्या चबुतऱ्यावर माओंनी त्यांचा हात हातात घेतला, हसले, आणि असं भांडत राहणं बरं नव्हे अशा अर्थाचं काही बोलले. आपल्या ग्रंथपालांचा शेरा दोन शब्दांचा : 'माओ हसले.' त्या हसण्यानंतरही खुर्ची भरायला सहा वर्षं लागली, मध्ये १९७१ चं बांगलादेश युद्ध आलं. १९७६ ला के. आर. नारायणन गेले. पुढे राष्ट्रपती झाले ते हेच. मिश्र पुढे देशाचे पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार.

नंतरच्या नोंदी वेगळ्या हस्ताक्षरात आणि घाईच्या. सी. व्ही. रंगनाथन, ज्यांच्या वेळी डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी बीजिंगला गेले. शिवशंकर मेनन. २००६ मध्ये निरुपमा राव, चीनमधल्या आपल्या पहिल्या महिला राजदूत. २००९ ते २०१३ एस. जयशंकर. २०१६ ला विजय गोखले, आणि त्यांच्या शेऱ्यात कुणीतरी बॉलपेनने 'मराठी!!' असं लिहिलंय. दोन उद्गारचिन्हं. डोकलामचा सीमेवरचा पेच यांच्याच काळातला, याची नोंद मात्र नाही. त्यांच्यामागून आले गौतम बंबावाले, पण तोवर शेरा लिहिणाऱ्याचा उत्साह संपलेला दिसतो. विक्रम मिस्री आणि प्रदीपकुमार रावत यांच्या ओळी कोणी भरल्याच नाहीत. म्हणजे जून २०२० ची गलवानची चकमक या तक्त्यात नाही. ऑक्टोबर २०२२ नंतर दिल्लीतल्या चिनी राजदूताची खुर्ची सुमारे दीड वर्ष रिकामी राहिली आणि मे २०२४ मध्ये भरली, तेही नाही. मला तर ते वाचताना तांबड्या शाईची ओळच आठवली होती. पण ज्याने वरची ओळ पाहिलेली नाही, त्याला खालची बातमी वाचून काय कळणार?

तिसरी तक्रार. 'हे सगळं मोबाईलवर मिळतं', असं मला ऐकवलं गेलं. नावं मिळतात, तारखाही मिळतात. त्यातल्या काही एकमेकींशी जुळत नाहीत ते सोडा. के. पी. एस. मेनन, पणिक्कर, बॅनर्जी या तिघांनीही आपापल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की एकाच देशाचा स्वभाव तीन कोनांतून दिसतो. असं वाचायला पुस्तकं एका टेबलावर पसरावी लागतात. सोलापुरात ती सोय माझ्या माहितीत आपल्याकडेच आहे. पुण्याला जा म्हणणं सोपं आहे. पण ज्या मुलीची आई विड्या वळते आणि जिला अभ्यासासाठी घरातून दुपारचे तीन तासच मोकळे मिळतात, तिने इंटरसिटी पकडून पुण्याला जायचं का? आणि ती कात्रणांची फाईल? तिची तर जगात एकच प्रत आहे. आपल्या सूचनेतल्या संख्येत ती धरली आहे का, हेही कार्यालयात कुणाला सांगता आलं नाही. तिला दाखल नंबरच नाही. म्हणजे कागदोपत्री ती नाहीच, आणि जी वस्तू नाही ती टेम्पोत टाकली तर विचारणार कोण?

चौथी तक्रार जरा बोचेल, पण लिहितो. दर १० ऑक्टोबरला, डॉ. कोटणीसांच्या जन्मदिनी, आपल्या दिवाणखान्यात त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. पाहुणे येतात. भारत-चीन मैत्रीचा सेतू वगैरे भाषण होतं, चहा-बिस्किटं होतात. सेतू म्हणायचं, तर मग पलीकडच्या काठावर पुढे काय काय झालं त्याची पुस्तकं सात पावलांवरच्या कपाटात असताना ती वक्त्याच्या हातात कधीच का दिसत नाहीत? मोठ्या चिनी पाहुण्याची भारतभेट असली की कोटणीस कुटुंबीयांना भेटण्याचा प्रघात चीनने पाळला. हू जिंताव २००६ ला मुंबईत भेटले, शी जिनपिंग २०१४ ला दिल्लीत भेटले. ते आपल्या माणसाचा उपयोग किती जाणतेपणाने करतात, पाहा. त्यात भावना नसेलच असं नाही, पण मुत्सद्देगिरी नक्की आहे. आणि आपण ज्याच्या गावचे, ते आपण हार घालून मोकळे. आता तर त्या नात्याचा छापील इतिहासही किलोवर विकायला निघालो आहोत.

पाचवी तक्रार एका ओळीची : हा निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आलेला नाही.

मागण्या अशा.

निर्लेखनाची यादी विषय आणि संख्येची नको, पुस्तकवार हवी : शीर्षक, लेखक, दाखल नंबर. ती फलकावर लावा आणि हरकती नोंदवायला एक महिना द्या. तोवर एकही पुस्तक बाहेर जाऊ नये.

संदर्भ विभागाला शिक्क्याची कसोटी लावू नका. त्यासाठी एखादा इतिहासाचा प्राध्यापक, एक ग्रंथपाल आणि एक सभासद अशी तिघांची समिती नेमा. समितीने फाटलेली, वाळवी लागलेली आणि दुबार पुस्तकं काढायला सांगितली तर मी पहिला हात वर करीन. त्या कपाटातही रद्दीत जाण्याजोगं पुष्कळ आहे. जुन्या दूरध्वनी निर्देशिका तिथे कुणी ठेवल्या देव जाणे.

निळ्या फाईलला दाखल नंबर द्या आणि तिचं स्कॅनिंग करून घ्या. खर्च मंडळाने करावा. जमत नसेल तर तसं लिहून द्या, आम्ही वर्गणी काढू.

अभ्यासिका करा, पण कपाट त्याच खोलीत भिंतीला लागून राहू द्या. आठ-दहा खुर्च्या कमी होतील म्हणाल. मी खोली मोजून पाहिली आहे. कपाट आडवं ठेवलंय म्हणून जागा खातं. खिडकीच्या डाव्या भिंतीला उभं केलं तर दोन खुर्च्या जातात, जास्त नाहीत. नकाशा सोबत जोडला आहे.

आणि येत्या १० ऑक्टोबरला भाषणाच्या आधी अर्धा तास हा तक्ता सभागृहात लावा. उरलेल्या ओळी माझे विद्यार्थी भरून देतील. तारखा तपासून, दोन ठिकाणी पडताळून.

पुस्तकवार यादी करायला माणसं नाहीत असं उत्तर येईल, म्हणून आधीच सांगतो. वर्गातली मुलं तयार आहेत, त्यात ग्रंथालयशास्त्राची पदविका झालेली एक मुलगीही आहे. रविवारी सकाळी वर्ग नसतो. कपाटाची किल्ली कार्यालयात कुणाकडे ठेवणार तेवढं कळवा, आणि टेम्पोवाल्याला रविवारपर्यंत येऊ नको म्हणून सांगा.

आपला,
एक आजीव सभासद
पूर्व भाग, सोलापूर